दहा दिवसांचे पाणी

मराठवाड्यातील पुष्कळशा शहरी घरांत पाणी रोजचे नसते, ते पाळीने येते. आणि ज्या घरात ही पाळी आठ-दहा दिवसांनी येते, त्या घराचा दिनक्रम, तेथील रुसवेफुगवे आणि समाधानाच्या जागा या सगळ्यांची घडण त्या एका पाळीभोवती होत जाते. 'नळ येणे' हा तिकडचा शब्दप्रयोग या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. नळ भिंतीत कायमचा बसवलेला असला, तरी त्यातून पाणी सुटेल तेव्हाच 'नळ आले' असे म्हटले जाते आणि एरवी तो असून नसल्यासारखा असतो. प्रस्तुत लेखिकेने लातूर शहरातील अशाच एका घरात गृहिणी म्हणून काढलेली तेहेतीस वर्षे हा पुढील विवेचनाचा आधार आहे. या काळात पाणी काही वर्षे दोन-तीन दिवसांआड, काही वर्षे आठवड्याने, तर पुष्कळदा दहा-दहा दिवसांनी आले, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात तर पाळी हा शब्दच काही महिने निरर्थक झाला.

अशा घरात साठवणीचे गणित सर्वांत आधी शिकावे लागते. लेखिका लग्न होऊन आली तेव्हा न्हाणीघरालगत जमिनीत बांधलेला एक हौद होता, पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते हे धरले, तर त्यात २,२६५ लिटरच्या आसपास पाणी बसत असे. त्याखेरीज २०० लिटरची चार टिपाडे (टिपाड म्हणजे मूळचे तेलाचे किंवा रसायनाचे, धुऊन पाण्यासाठी घेतलेले मोठे पिंप), गच्चीवरची ५०० लिटरची टाकी, आणि पिण्यासाठी माठ व पितळी घागरी, असा सारा ऐवज मिळून साडेतीन हजार लिटरच्या थोडा वर जाई. सहा माणसे आणि दहा दिवस असा भाग दिला की माणशी रोज जेमतेम ६० लिटर पाणी वाट्याला येते. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्याच्या निम्म्याहूनही कमी पाण्यात अंघोळ, धुणे, भांडी, शौचालय, स्वयंपाक आणि आल्यागेल्याचा पाहुणचार बसवायचा, हे काम त्या घरात ज्या बाईच्या हाती असते तिला भागाकार पाठ करावा लागत नाही, तो तिच्या हातात उतरतो. भांडे विसळताना तांब्या किती कलता करायचा हे तिचे मनगट ठरवते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यात गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, त्यामानाने या घराचे काहीच बिघडले नाही. परंतु हौदाच्या एका अंगाला केसासारखा तडा गेला. भरलेला हौद सकाळी चार बोटे उतरलेला दिसे, आणि ते पाणी कुणी वापरले यावरून घरात कित्येक महिने धुसफूस चालली. थोरल्यांना वाटे की नवी सून सढळ हाताने पाणी वापरते, सुनेला वाटे की आपल्यावर पाळत आहे. तडा सापडला तो हौद एकदा पूर्ण कोरडा पडला तेव्हा, आणि सिमेंटचा गिलावा मारून तो बुजवायला अर्धा दिवस पुरला. त्या काळात मनात साचलेले मात्र तितक्या लवकर बुजले नाही. टंचाईच्या घरात प्रत्येक कमतरतेला एक दोषी माणूस हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा घरात सर्वांत नवा किंवा सर्वांत दुबळा असतो, ही जाणीव लेखिकेला त्या तड्याने करून दिली. पुढे आपणही तोच न्याय दुसऱ्यांना लावू, हे तेव्हा तिच्या ध्यानात आले नव्हते.

नळ बहुधा रात्री येत. त्याची पहिली खूण पाणी नसून हवा असते. तोटी उघडी ठेवलेली असली की आतून आधी फुत्कारल्यासारखा आवाज येतो, मग तांबूस गढूळ पाण्याची एक चूळ पडते, आणि पाच-दहा मिनिटांनी धार स्वच्छ होते. हा आवाज झोपेतही ऐकू येण्याची सवय घरातील एकाच माणसाला लागते. इतरांचे कान तितकेच चांगले असतात, पण जागे होण्याची जबाबदारी एकदा एकावर पडली की बाकीच्यांची झोप निर्धास्त होते. लेखिकेने सुमारे वीस वर्षे हे काम एकटीने केले. रात्री दोनला उठणे, गढूळ पाणी आधी बादल्यांत धरून ते शौचालयासाठी वेगळे ठेवणे, नंतर पिण्याचे भरणे, मग हौदात नळी सोडणे, आणि धार बंद होण्याच्या आत टिपाडांची झाकणे उघडून ती भरून घेणे, असा तो तीन-चार तासांचा क्रम होता, आणि सकाळी साडेपाचला डब्याची पोळीभाजी ठरलेली होती. कष्टांपेक्षा अधिक बोचणारी गोष्ट अशी, की पाळीच्या सुमारास घर एकटे सोडता येत नसे. मुलीच्या शाळेचा बक्षीस समारंभ, मावसभावाचे लग्न, माहेरची एक बारशाची पंगत, अशा कितीतरी प्रसंगी घरचे सगळे गेले आणि नळाची वाट पाहण्यासाठी एक माणूस मागे राहिले. अनेकदा त्या दिवशी नळ आलेही नाहीत.

सासूबाईंशी झालेल्या मतभेदांपैकी सर्वांत दीर्घ मतभेद 'शिळ्या पाण्या'चा होता. नवे पाणी आले की आदल्या पाळीचे उरलेले पाणी ओतून देऊन भांडी घासून ताजे पाणी भरायचे, ही जुन्या घरांतील रीत आहे, आणि तिच्यामागे स्वच्छतेची समजूतदार दृष्टीही आहे. पण झाकलेले, ओगराळ्यानेच (म्हणजे लांब दांड्याच्या पळीने) काढलेले आणि हात न बुडवलेले पाणी दुसऱ्या दिवशी अन्नासारखे शिळे होत नाही. या मुद्द्यावर सून बरोबर होती, तरी तिला एक गोष्ट फार उशिरा कळली. सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ भर तारुण्यात काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी आणि मिलो ज्वारीच्या भाकरीवर मुले जगवली होती, आणि आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरली होती. ज्या बाईने गाळाचे पाणी पदराने गाळून मुलांना पाजले, तिला आपल्या देवघरात आणि आपल्या माठात ताजे पाणीच हवे असे वाटणे हा हट्ट नव्हता. ती त्या दिवसांपासून दूर आल्याची खूण होती. हे उमगल्यावर तडजोड सोपी झाली. देवाचा गडवा आणि सासूबाईंचा माठ एवढी दोनच भांडी नव्या पाण्याने भरायची आणि त्यांतले जुने पाणी तुळशीला घालायचे, असे ठरले. मतभेद दहा-बारा वर्षे चालला होता. त्याची किंमत दर पाळीला फार तर दीड घागर पाणी होती.

डासांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा निघाला. आरोग्य विभागाचे कर्मचारी घरोघर येऊन 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगतात, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची. यामागचे कारण पक्के आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात भांड्याच्या कडेला अंडी घालतो, ती कोरड्यातही काही महिने टिकून राहतात, आणि पाणी लागल्यावर अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. हा काळ आणि नळाच्या पाळीचा काळ यांचा मेळ इतका घातक आहे की पाणी जपणारे घर आपसूक डास वाढवणारे घर ठरते. ज्या घरात नवव्या दिवशी हौदाच्या तळाला अर्धा फूट पाणी उरले आहे आणि पुढचे पाणी कधी येईल हे ठाऊक नाही, त्या घराला हौद रिकामा करा असे सांगणे ही नुसती सूचना राहत नाही. धाकट्या मुलाला सातवीत असताना डेंग्यू झाला. तेव्हा आपण जपून ठेवलेल्या पाण्यानेच मुलाला आजारी पाडले, या विचाराने लेखिकेला अनेक रात्री झोप लागली नाही.

यावरचा उपाय एका आरोग्य सेविकेने पिशवीतून आणून दिला. ते दहा-बारा गप्पी मासे होते. गप्पी हा बोटाच्या पेराएवढा मासा डासांच्या अळ्या खातो आणि अंडी न घालता थेट पिले देतो, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. हौदात मासे सोडणे सासूबाईंना सुरुवातीला विटाळासारखे वाटले. परंतु महिन्याभरात दुपारच्या वेळी हौदाचे झाकण किंचित सरकवून त्या मासे मोजत बसलेल्या दिसू लागल्या. मुलगा बरा झाल्यावर दोघांचा तोच खेळ झाला. आज किती पिले झाली, कोणत्या नराची शेपटी अधिक रंगीत आहे, हौद धुवायच्या दिवशी मासे कोणत्या बादलीत काढून ठेवायचे, यावर आजी-नातवाच्या लांबच लांब चर्चा चालत. हौद धुण्याचे काम, ज्यावरून आजवर प्रत्येकाची पाठ दुखत असे, ते माशांमुळे घरातील एक छोटासा उत्सव झाले. टिपाडांना मासे चालत नाहीत. त्यांच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याची दुहेरी फडकी दोरीने घट्ट बांधण्याची रीत पडली, आणि ती फडकी शिवण्याचे काम सासऱ्यांनी स्वतःहून घेतले.

एका चुकीची नोंदही येथे करायला हवी. नळाला थेट जोडून वाहिनीतले पाणी ओढून घेणाऱ्या छोट्या विद्युत मोटरीला लोक 'टिल्लू पंप' म्हणतात. तो बेकायदा आहे आणि तरीही गल्लीगल्लीत असतो. कारण शेजाऱ्याने लावला की आपल्या नळाची धार करंगळीएवढी होते, आणि मग आपणही तो लावतो. या घरानेही तो चार वर्षे लावला. वाहिनीच्या टोकाला राहणारे एक वृद्ध जोडपे एका पहाटे कळशी घेऊन दारात आले, त्यांनी कसलीही तक्रार न करता फक्त एक कळशी पाणी मागितले, आणि त्यांच्या नळाला गेल्या दोन पाळ्या नुसती हवा येत होती असे बोलता बोलता कळले. मोटर त्याच आठवड्यात काढली गेली. पण त्या दोन पाळ्यांत त्या दोघांनी काय केले असेल, हा प्रश्न मोटरीबरोबर निघून गेला नाही.

२०१५ चा पाऊस फसला आणि २०१६ च्या सुरुवातीला शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा अधिक लोकांनी एकत्र जमू नये म्हणून जमावबंदीचा आदेश निघाला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. 'जलदूत' या नावाने या रेल्वेगाडीचा गाजावाजा देशभर झाला. घरातल्या घरात मात्र तिची जाणीव एवढीच होती, की टँकर आला की आठ-दहा घागरी मिळतील अशी आशा बाळगता येत होती. खासगी टँकर मागवायचा तर आधी नंबर लावावा लागे, आणि आलेल्या ५,००० लिटरमध्ये चार घरे वाटेकरी होत.

याच उन्हाळ्यात लेखिकेने आपल्या संसारातील सर्वांत मोठी चूक केली, आणि ती न्यायाच्या बुद्धीने केली. भांडणे टाळावीत म्हणून तिने स्वयंपाकघराच्या दाराआड एक कागद चिकटवला आणि प्रत्येकाला सारखे पाणी नेमून दिले. अंघोळीला एक बादली, शौचालयाला एक, पिण्याला दोन तांबे, अशी ती वाटणी होती, आणि जो जे वापरील त्यापुढे त्याने खूण करायची होती. ताटांऐवजी पत्रावळी आल्या, तांदूळ धुतलेले पाणी भाजीत आणि धुण्याचे पाणी शौचालयात जाऊ लागले. आठवडाभर सगळे सुरळीत वाटले. मग दिसू लागले की सुट्टीत घरी आलेली मुलगी महिन्यातील त्या चार दिवसांत लागणारे जास्तीचे पाणी कागदावर मांडू शकत नाही आणि आपल्या पिण्याच्या पाण्यातून ते भागवते. दिवसभर उन्हात काम करून येणाऱ्या पतीला एका बादलीत घाम जात नाही, पण कागदापुढे ते काही बोलत नाहीत. आणि सासूबाई, ज्यांच्या नावापुढे सर्वांत कमी खुणा होत्या आणि ज्यांचे उदाहरण लेखिका मुलांना देत होती, त्या मे महिन्यात तापाने फणफणून अंथरुणाला खिळल्या. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शरीरातील पाणी कमी होणे, असे डॉक्टरांनी निदान केले. रात्री शौचालयात बादलीभर पाणी ओतावे लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले होते. दोन सलाइन लावून झाल्यावर त्यांनी सुनेला विचारले, की आज आपल्या नावापुढची बादली कुणी वापरली का, नसेल तर ती नातीला द्यावी.

कागद त्याच रात्री फाडला गेला. त्यानंतर पाण्याची वाटणी कधीही सारखी झाली नाही. सासूबाईंच्या उशाशी दर दोन तासांनी तांब्या भरून ठेवायचा आणि तो रिकामा झाला की नाही हे पाहायचे काम मुलाकडे गेले. मुलीच्या न्हाणीघरात महिन्यातून चार दिवस एक जास्तीची बादली न सांगता भरलेली असे. सासऱ्यांना दाढीला गरम पाणी लागते आणि ते मागायचा त्यांना संकोच वाटतो, म्हणून ते चहाच्या आधणाबरोबरच तापू लागले. पाणी होते तेवढेच होते. हिशोब मात्र आता माणसांचा झाला होता, आणि आश्चर्य असे की त्या पद्धतीत आठवड्याअखेर हौदात चार बोटे पाणी अधिक उरू लागले. ज्याला हवे तेव्हा मिळेल याची खात्री असते तो साठवून ठेवत नाही, हे कारण त्यामागे असावे. रात्री उठण्याचे कामही तेव्हापासून वाटले गेले. हवेचा आवाज सोळा वर्षांच्या मुलाला आधी ऐकू येऊ लागला, आणि लेखिकेने कित्येक वर्षांत प्रथमच पाण्याच्या रात्री सलग झोप घेतली. त्याच वर्षी पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरले.

पाहुणचारातही एक पालट झाला तो असा. दारी आलेल्याला आधी पाणी देण्याची रीत मोडवत नव्हती, आणि पेला भरून दिला तर पाहुणा दोन घोट पिऊन उरलेले ठेवी, ते ओतावे लागे. अर्धा पेला देणे मात्र सासऱ्यांना अपमानासारखे वाटे. मग भरला तांब्या आणि रिकामे फुलपात्र समोर ठेवण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. पाहुणा हवे तेवढे ओतून घेतो, आणि यजमानाचा हात आखडला असे कुणालाही वाटत नाही.

टंचाईच्या घरातील सुखांविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून त्यांतील एकदोन येथे सांगणे आवश्यक वाटते. हौद काठोकाठ भरला की त्या सकाळी अंगणात सडा पडे, गोधड्या भिजत, मुली केस धूत, आणि त्या एका दिवशी कुणीही कुणाला 'पाणी बेताने' असे म्हणत नसे. दुसरे सुख 'येळवसे'चे. मार्गशीर्षातील अमावास्येला लातूर-धाराशिवकडील शेतकरी कुटुंबे शेतात जाऊन ज्वारीच्या कडब्याची खोप करतात, काळ्या आईची पूजा करतात, आणि भज्जी (हिरवे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली दाट भाजी), उंडे आणि माठातली आंबील असे जेवण होते. त्या दिवशी शहर ओस पडते. लेखिकेच्या दिरांच्या शेतात विहीर आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी मोटर सुरू करून पाटात पाणी सोडले की सगळी जाणती माणसे पाटात पाय सोडून बसत, आणि सासूबाई हात धुताना मुद्दाम वेळ लावत. त्यांना त्याविषयी कुणी टोकले नाही.

सासूबाईंना जाऊन आता पाच वर्षे झाली. मुलगी पुण्यात राहते, तिच्या घरात नळाला दिवसभर पाणी असते. लेखिका तिच्याकडे गेली की पहिल्या रात्री न्हाणीघरातली बादली, डबे, अगदी स्वयंपाकघरातील मोठी पातेलीही भरून ठेवत असे, आणि सकाळी मुलगी ती हसत, क्वचित चिडत रिकामी करत असे. गेल्या दिवाळीपासून ती काही बोलत नाही. आई यायची असली की आदल्या दिवशी झाकणाचा एक निळा ड्रम घासून, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, तोटीखाली ठेवलेला असतो.